चार मिलिमीटरच्या माशाच्या मेंदूतील बेरीज

नजर एका जागी स्थिर ठेवणे ही क्रिया इतकी सहज घडते की तिच्यामागे काही हिशेब असेल, असे कोणाच्या मनातही येत नाही. डोळा एकीकडून दुसरीकडे वळवायचा असतो तेव्हा मेंदू डोळ्याच्या स्नायूंना क्षणभराचा जोरदार संदेश पाठवतो आणि डोळा झटक्यात वळतो. हा संदेश मुख्यतः वेगाचा असतो. कोणत्या दिशेला आणि किती जोराने वळायचे, एवढेच तो सांगतो. परंतु डोळ्याभोवतीचे स्नायू आणि ऊती लवचिक असल्यामुळे संदेश थांबताच डोळा पुन्हा मध्याकडे ओढला जाऊ लागतो. त्याला नव्या जागी टिकवून धरायचे असेल, तर त्या जागेच्या प्रमाणातला संदेश स्नायूंना सतत मिळत राहावा लागतो. याचाच अर्थ असा की, वेगाच्या संदेशांची बेरीज होऊन त्यातून डोळ्याची सध्याची जागा मेंदूत कुठेतरी निघाली पाहिजे आणि पुढचा संदेश येईपर्यंत ती बेरीज पुसली जाता कामा नये. कलनशास्त्रात या क्रियेला संकलन म्हणतात.

मेंदूतील चेतापेशींचे परिपथ ‘गणन’ करतात, असे वैज्ञानिक म्हणतात ते या अर्थाने. तिथे कोणी आकडे मांडत नाही. परिपथात एक संदेश शिरतो, दुसरा बाहेर पडतो आणि या दोहोंमधले नाते एखाद्या ठरावीक नियमाने बांधलेले असते. वैज्ञानिकांना उलगडायचे असते ते एवढेच की, कोणत्या चेतापेशी एकमेकींना कशा जोडल्या गेल्या म्हणजे तो नियम आपोआप पाळला जातो. प्रश्न सरळ आहे, पण त्याचे उत्तर माणसाच्या मेंदूत शोधू जावे तर तिथे सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि त्या अपारदर्शक कवटीच्या आत आहेत. उंदराच्या मेंदूतही एका वेळी त्याचा लहानसा भागच पेशीपातळीवर पाहता येतो. एखाद्या परिपथातल्या शंभर पेशींची नोंद हाती असली, तरी हिशेबाचा खरा भाग न पाहिलेल्या पेशींमध्ये होत असेल, ही शंका मागे उरतेच.

या शंकेवरचा उपाय झेब्राफिश नावाच्या लहान माशाने पुरवला आहे. निळसर पट्ट्यांचा हा मासा मूळचा दक्षिण आशियातील गोड्या पाण्यातला आहे आणि त्याचे शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये केले. प्रयोगशाळेत त्याला मानाचे स्थान मिळाले ते अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाचे जॉर्ज स्ट्राइसिंगर यांच्यामुळे. त्यांचा या माशाच्या जनुकशास्त्रावरील पायाभूत शोधनिबंध १९८१ चा आहे. पुढे १९९६ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगेन आणि अमेरिकेतील बॉस्टन येथील गटांनी हजारो उत्परिवर्तने शोधून काढली, आणि २०१३ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांची समकक्ष जनुके त्यात आढळली. हा इतिहास इथे एवढाच पुरे, कारण परिपथांच्या अभ्यासात खरे महत्त्व आहे ते या माशाच्या पिल्लाला.

अंडे फलित झाल्यापासून पाच-सहा दिवसांत हे पिल्लू साधारण चार मिलिमीटर लांबीचे होते. तोवर ते पोहू लागलेले असते, पाण्यातले पॅरामेशियमसारखे सूक्ष्म जीव हेरून पकडू लागलेले असते आणि धोका जाणवताच निसटू लागलेले असते. त्याच्या मेंदूत सुमारे एक लाख चेतापेशी असतात आणि त्याचे शरीर जवळजवळ पारदर्शक असते. त्वचेतील काळे रंगद्रव्य तयार न होणारे उत्परिवर्तित वाण वापरले, तर जिवंत माशाच्या मेंदूतली एकेक पेशी कवटीला हातही न लावता सूक्ष्मदर्शकातून दिसते.

नुसती पेशी दिसून भागत नाही, ती कधी सक्रिय होते तेही दिसावे लागते. चेतापेशी विद्युत संदेश सोडते तेव्हा तिच्यात कॅल्शियम शिरते. जेलीफिशमधून मिळालेल्या हिरव्या चमकत्या प्रथिनाला कॅल्शियम पकडणारा एक भाग जोडून वैज्ञानिकांनी जी-कॅम्प नावाचे प्रथिन घडवले. त्याचे जनुक माशात घातले की, सक्रिय झालेली प्रत्येक पेशी अधिक उजळते. अमेरिकेतील जनेलिया संशोधन केंद्रात मिशा आरेन्स, फिलिप केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रकाशाचा अतिशय पातळ पडदा पिल्लाच्या मेंदूतून वरखाली सरकवला आणि दर सव्वा सेकंदाच्या आसपास संपूर्ण मेंदूचे एक चित्र टिपले. मेंदूतील ८० टक्क्यांहून अधिक चेतापेशी त्यात एकेकट्या ओळखता येत होत्या. कणा असलेल्या प्राण्याचा जवळजवळ अख्खा मेंदू पेशीपातळीवर काम करताना पाहणे या प्रयोगाने शक्य झाले.

असा प्रयोग करताना पिल्लाला अगरोज या पारदर्शक जेलमध्ये अलगद बसवतात. डोळ्यांभोवतीचे आणि शेपटीभोवतीचे जेल कापून काढतात, त्यामुळे डोके स्थिर राहते, पण डोळे आणि शेपटी मोकळी हलतात. त्याच्याखाली पडद्यावर काळेपांढरे पट्टे सरकत असतात. नदीतला मासा प्रवाहाबरोबर वाहून जाऊ लागला की तळ त्याला मागून पुढे सरकताना दिसतो. तेव्हा तळ सरकतो त्याच दिशेने पोहून जागा टिकवण्याची या माशाची उपजत प्रवृत्ती असते. जेलमधले पिल्लूही पट्टे पाहून शेपटी हलवते. शेपटीची हालचाल कॅमेरा मोजतो आणि संगणक त्या प्रमाणात पट्ट्यांचा वेग बदलतो, त्यामुळे आपण खरोखर पोहत आहोत असाच त्याच्या मेंदूचा समज होतो. मासा जागचा हलत नाही, पण त्याच्या दृष्टीने जग हलते, आणि या जगाचे नियम प्रयोगकर्त्याच्या हाती असतात. नियम हवा तसा बदलून मेंदू काय करतो ते पाहता येते, यातच या पद्धतीचे खरे बळ आहे.

आता पुन्हा डोळ्यांकडे वळू. झेब्राफिशचे पिल्लूही दर काही सेकंदांनी डोळे झटक्यात वळवते आणि मधल्या वेळात नजर रोखून धरते. ती धरून ठेवणारी बेरीज पश्चमेंदूतील, म्हणजे मेंदूच्या मागच्या भागातील, एका लहानशा पेशीसमूहात होते. अडचण अशी की, एकट्या चेतापेशीला आलेला संदेश सेकंदाच्या लहानशा अंशात विरून जातो, आणि डोळे तर कित्येक सेकंद स्थिर राहतात. अल्पजीवी स्मृतीच्या पेशींपासून दीर्घजीवी स्मृतीचा परिपथ कसा बनतो, याचे गणिती उत्तर सेबास्टियन सुंग यांनी १९९६ मध्ये मांडले. त्यांच्या प्रतिमानात या पेशी एकमेकींना संदेश परत पाठवतात आणि विरून जाणारा प्रत्येक अंश त्या परतफेडीतून भरून निघतो. तळाला छिद्र असलेल्या बादलीत नेमके गळेल तेवढेच पाणी वरून पडत राहावे, तशी ही व्यवस्था आहे. परतफेड जराशी कमी पडली तर बेरीज हळूहळू ओसरते आणि डोळा मध्याकडे घसरतो. जराशी जास्त झाली तर बेरीज फुगत जाते आणि डोळा कडेकडे सरकतो. समतोल राखण्यासाठी परतफेड जवळजवळ काटेकोर असावी लागते.

हे प्रतिमान मला आवडते ते ते सुबक आहे म्हणून नव्हे, तर ते खोटे ठरवता येते म्हणून. परतफेड एकाच सुरात चालत असेल, तर समूहातील सर्व पेशींची स्मृती जवळपास सारख्याच वेगाने ओसरायला हवी. झेब्राफिशच्या पिल्लांत अँड्र्यू मिरी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मोजणी केली तेव्हा तसे आढळले नाही. काही पेशींचा संदेश लवकर ओसरत होता, काहींचा बराच काळ टिकत होता, आणि हा फरक पेशीच्या जागेनुसार बदलत होता. एकच एक परतफेडीचा फेरा असल्याचे सोपे चित्र त्यामुळे दुरुस्त करावे लागले. त्याच्या जागी वेगवेगळ्या गतीने ओसरणाऱ्या अनेक घटकांची साखळी आली.

दुसरी कसोटी मेंदूच्या दोन बाजूंची होती. डावीकडचा समूह सक्रिय असतो तेव्हा उजवीकडचा शांत असतो आणि दोघे एकमेकांना दाबतात. एकमेकांना दाबणारी अशी जोडीही तत्त्वतः स्मृती टिकवू शकते, म्हणून बेरीज या दाबादाबीतूनच होत असावी, असा एक प्रबळ तर्क होता. झेब्राफिशचा दूरचा नातेवाईक असलेल्या गोल्डफिशमध्ये एका बाजूचा समूह निष्क्रिय केला, तेव्हा दुसऱ्या बाजूच्या पेशी बरीच जास्त सक्रिय असताना आपला संदेश पूर्वीसारखाच टिकवून धरू शकल्या. याचा अर्थ, स्मृती प्रत्येक बाजूच्या आत तयार होते आणि दोन बाजूंचे परस्पर दमन मुख्यतः ताळमेळासाठी असते. केवळ नोंदी घेऊन हा निवाडा कधीच झाला नसता, कारण दोन्ही तर्कांत पेशींची वागणूक वरवर सारखीच दिसते. परिपथात ढवळाढवळ केल्यावरच दोन तर्कांची फारकत होते.

ढवळाढवळीसाठी झेब्राफिशमध्ये आणखी एक सोय आहे. शेवाळासारख्या सूक्ष्मजीवांत प्रकाशाने उघडणारी प्रथिने असतात. त्यांची जनुके निवडक चेतापेशींत घातली, तर प्रकाशाच्या झोताने त्या पेशी चेतवता किंवा शांत करता येतात. मासा पारदर्शक असल्यामुळे त्यासाठी मेंदूत तार घालावी लागत नाही. पश्चमेंदूच्या एका ठरावीक खंडातील थोड्याशा पेशींवर असा झोत टाकताच पिल्लाचे डोळे झटक्यात वळतात, हे २०१० मध्ये दाखवले गेले. डोळे वळवण्याचा हुकूम कुठून निघतो, ते त्यातून बोट ठेवून दाखवता आले.

बेरजेचा दुसरा नमुना निर्णयाशी निगडित आहे. पडद्यावर बरेच ठिपके असतात. त्यातले काही एकाच दिशेने जातात आणि उरलेले कसेही भरकटतात. एका क्षणाचे चित्र पाहून एकंदर ओघ कुठे आहे ते सांगणे अवघड असते, परंतु थोडा वेळ पाहत राहिले तर पुरावा साचत जातो. आर्मिन बाल आणि फ्लोरियन एंगर्ट यांनी हार्वर्डमध्ये, तर एलेना ड्रागोमिर, विलिम श्टिह आणि रुबेन पोर्तुगेस यांनी जर्मनीत, असा प्रयोग झेब्राफिशच्या पिल्लांवर स्वतंत्रपणे केला. दोघांचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. ठिपके जितके एकदिशेचे, तितके पिल्लू लवकर आणि अचूक वळत होते; ओघ अस्पष्ट असला की ते अधिक वेळ घेत होते. संपूर्ण मेंदूच्या नोंदींत या वर्तनाचे टप्पे वेगवेगळ्या ठिकाणी सापडले. डोळ्यांकडून आलेली गती टिपणाऱ्या पेशी ठिपके हलताच लगेच उजळत होत्या. पश्चमेंदूच्या पुढच्या भागातील काही पेशी सावकाश चढत जात होत्या, म्हणजेच पुरावा साठवत होत्या. आणि वळण्याच्या क्षणाशी जुळणाऱ्या पेशी आणखी वेगळ्या होत्या.

इथली बेरीज थोडी गळकी आहे, आणि मला ती उणीव वाटत नाही. डोळ्याची जागा धरून ठेवायची असेल तर गळती हा दोष ठरतो. पुरावा साचवायचा असेल तर मात्र जुना पुरावा हळूहळू विसरला जाणे हिताचे असते, कारण पाण्याचा ओघ काही क्षणांपूर्वी कुठे होता यापेक्षा तो आता कुठे आहे हे माशाला कळणे गरजेचे आहे. एकच क्रिया, पण वेगळ्या कामासाठी तिची स्मृती किती लांब असावी हे वेगळे ठरलेले आहे.

तिसरा नमुना मला सर्वांत अनपेक्षित वाटतो. पिल्लू पोहते आहे, पण प्रयोगकर्त्याने पट्ट्यांचा आणि शेपटीचा संबंधच तोडून टाकला आहे, अशी कल्पना करा. शेपटी कितीही हलवली तरी जग जागचे हलत नाही. सुरुवातीला पिल्लू आणखी जोराने शेपटी मारते आणि काही वेळाने प्रयत्न सोडून निपचित होते. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्नाला लागते. यू मू, मिशा आरेन्स आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये या हार मानण्यामागचा परिपथ शोधला. अपेक्षित परिणाम आणि दिसलेला परिणाम यांत तफावत पडली की नॉरअॅड्रेनलिन हे संदेशवाहक रसायन स्रवणाऱ्या काही चेतापेशी सक्रिय होतात. त्यांचा संदेश पोहोचतो तो अॅस्ट्रोसाइट नावाच्या पेशींपर्यंत, ज्या चेतापेशीच नाहीत. अनेक दशके त्यांना चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी एवढेच स्थान दिले गेले होते. प्रत्येक फुकट गेलेल्या प्रयत्नासोबत या पेशींतील कॅल्शियम वाढत जाते आणि ते पुरेसे साचले की पोहणे थांबवणाऱ्या चेतापेशी कामाला लागतात. या अॅस्ट्रोसाइट पेशी निकामी केल्या, तर पिल्लू हार मानत नाही, निष्फळ प्रयत्न करतच राहते. केवळ चेतापेशींकडे पाहणाऱ्या कोणत्याही पद्धतीला ही बेरीज दिसली नसती. संपूर्ण मेंदू, सर्व प्रकारच्या पेशींसह, पाहण्याचा आग्रह का धरावा, याचे याहून नेमके उदाहरण मला ठाऊक नाही.

दिशेचे भान हीसुद्धा बेरीजच आहे. आपण अंधारात डावीकडे थोडे, मग आणखी थोडे वळलो, तर सगळी वळणे मिळवून आता तोंड कुठे आहे ते कळते. पोर्तुगेस यांच्या गटाने २०२३ मध्ये झेब्राफिशच्या पश्चमेंदूच्या पुढील भागात अशा पेशी दाखवल्या, ज्यांत सक्रियतेचा एकच उंचवटा असतो आणि पिल्लू वळेल तसा तो पेशींच्या वर्तुळावरून फिरत जातो. अशी वर्तुळाकार व्यवस्था फळमाशीच्या मेंदूत आधी सापडली होती आणि सिद्धान्तात तर त्याहून बरीच आधी मांडलेली होती. झेब्राफिशमध्ये विशेष हे की, या पेशी इतर पेशींना दाबणाऱ्या प्रकारच्या आहेत. उंचवटा टिकतो तो बहुधा परस्परांना चेतवून नव्हे, तर समोरच्या बाजूच्या पेशींना दाबून.

एवढे सगळे दिसले तरी एक दुवा राहतो, तो जोडणीचा. कोण कोणाशी चेतासंधीने, म्हणजे दोन चेतापेशींमधल्या सांध्याने, जोडलेले आहे, हे प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकात नीट कळत नाही. त्यासाठी मेंदूचे अतिशय पातळ काप घेऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्यांची चित्रे काढतात आणि प्रत्येक तंतूचा माग कापाकापांतून काढत जातात. पश्चमेंदूतील सुमारे तीन हजार चेतापेशींच्या जोडण्या अशा रीतीने काढून, अश्विन विश्वनाथन, सेबास्टियन सुंग आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये एक धाडसी पाऊल टाकले. त्यांनी नुसत्या जोडण्यांच्या आराखड्यावरून डोळे धरून ठेवणारा समूह वेगळा ओळखला, त्या आराखड्यावर आधारित गणिती प्रतिमान चालवले आणि त्यातून निघालेली पेशींची वागणूक जिवंत माशांतील नोंदींशी ताडून पाहिली. ती बऱ्याच अंशी जुळली. १९९६ मध्ये कागदावर गृहीत धरलेली परस्पर परतफेड इथे प्रत्यक्ष तंतूंच्या रूपात मोजली गेली.

मर्यादाही आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. चेतापेशीचा विद्युत संदेश सुमारे एका मिलिसेकंदात होऊन जातो, पण जी-कॅम्पची चमक ओसरायला त्याच्या शेकडो पट वेळ लागतो. त्यामुळे वेगवान गणने या चित्रांत पुसट होतात. धोका जाणवताच पिल्लाचे शरीर काही मिलिसेकंदांत वळवणाऱ्या माउथनर पेशींचा अभ्यास म्हणूनच आजही बऱ्याच अंशी विद्युत मापनांवर अवलंबून आहे. जेलमध्ये अडकलेल्या माशाला स्वतःच्या हालचालीची आतील कानातून मिळणारी जाणीव होत नाही, हाही एक मोठा फरक आहे. शिवाय माशाला सस्तन प्राण्यांसारखे सहा थरांचे मेंदूचे आवरण नसते, म्हणून त्याच्यात सापडलेले उत्तर उंदराला किंवा माणसाला जसेच्या तसे लावता येत नाही. नजर रोखणारा परिपथ मात्र पश्चमेंदूतला आहे, आणि हा भाग कणा असलेल्या सर्व प्राण्यांत बराच सारखा राहिला आहे. तिथे तुलना अधिक विश्वासाने करता येते.

आता या क्षेत्रातील अनेकांचे लक्ष परतफेडीच्या काटेकोरपणाकडे वळले आहे. चेतासंधी बदलत्या असतात, पिल्लू रोज वाढत असते, तरीही बादलीत पडणारे आणि गळणारे पाणी सारखे राहते ते कसे? गोल्डफिशवरील २००४ च्या प्रयोगांत याचा एक धागा मिळाला होता. माशाचा डोळा जिकडे वळेल त्यानुसार भोवतालचे दृश्य मुद्दाम सरकवत ठेवले, तर काही काळाने त्याची बेरीज गळकी किंवा फुगणारी करता येत होती, आणि अंधारात नेल्यावरही तो बदल टिकत होता. म्हणजे दृश्य घसरले की मेंदू त्यालाच चूक समजून परतफेड कमीजास्त करतो. झेब्राफिशच्या पिल्लात हाच प्रयोग संपूर्ण मेंदूची नोंद घेत करता येतो. शिकण्याआधी आणि शिकल्यानंतर त्याच पेशी पाहता येतात, आणि शेवटी त्याच माशाच्या मेंदूचे काप घेऊन जोडण्याही तपासता येतात. तसे केले म्हणजे बदल पश्चमेंदूतील त्या समूहाच्या आपापसातील चेतासंधींत होतो की त्यांना बाहेरून, विशेषतः अनुमस्तिष्कातून (हालचालींचा ताळमेळ राखणाऱ्या लहान मेंदूतून), येणाऱ्या संदेशांत होतो, हे पेशीपेशीने वेगळे काढता येईल.